लंडन जवळ, लोणी लांब

साखरबाईच्या माहेरी अंतर तळांत मोजायचे. तळ म्हणजे मेंढरांचा मुक्काम. दिवसभर चरत चरत कळप जिथवर पोचेल तिथं जाळीची वाघर लावायची, तीन दगडांची चूल मांडायची, झाला तळ. मोरगावापासून पुणं सहा तळांवर, घाटाची उतरण दहा तळांवर, असं तिचा बाप बोटांवर मोजून दाखवायचा. रस्त्याकडेच्या दगडांवरचे आकडे त्यानं कधी वाचले नाहीत. मेंढरांना ते वाचता येत नाहीत, मग आपण वाचून काय करायचं, असं तो म्हणे.

ती सांगवीला नांदायला आली तेव्हा सासरची मेंढरं विकून झाली होती. पाटाच्या पाण्यावर ऊस उभा होता, दावणीला दोन गाई होत्या आणि तिचा नवरा दादासो सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालत होता. चालणं संपलं. डोक्यातलं माप तेवढं राहिलं. कुठलंही गाव ऐकलं की साखरबाई मनात तळ मोजायची आणि मग कुणाला सांगायची नाही.

बांधापलीकडं सावळारामाचं शिवार. त्याची बायको कौसल्या आणि साखरबाई एकाच वर्षी सांगवीत आलेल्या. बावीस वर्षं दोघींनी त्या एका बांधावर बसून भाकरी खाल्ली. या बावीस वर्षांत कौसल्येच्या घरी जे जे नवं आलं ते साखरबाईनं पचवलं. स्लॅब पचवला, रंगीत टीव्ही पचवला, टेलिफोनही पचवला. पचवलं म्हणजे काय, तर दोन दिवस कौसल्येकडं पाठ करून खुरपायचं आणि तिसऱ्या दिवशी ताकाचा तांब्या घेऊन तिच्या दारात जायचं. कौसल्येला हे ठाऊक होतं. ताक आलं की ती हसून म्हणायची, "झालं का बाई मन निवळून?"

लेकीचं मात्र साखरबाईला पचलं नाही.

साखरबाईची छकुली आणि कौसल्येची उत्कर्षा एका वर्गात, एका बाकावर. पाढे छकुली म्हणायची, उत्कर्षा नुसते ओठ हलवायची. ही गोष्ट साखरबाईनं स्वतः शाळेच्या खिडकीतून पाहिली होती आणि ती विसरायला ती तयार नव्हती. दहावीनंतर उत्कर्षा बारामतीला कॉलेजात जाऊ लागली. छकुली शिवण शिकली. शहाण्णव सालच्या वैशाखात आठ दिवसांच्या अंतरानं दोघींची लग्नं लागली. छकुलीला दिली इंदापूर तालुक्यात. जावई मल्हार लोणी देवकरच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला, घर फाट्यापासून बरंच आत, एका वस्तीवर. पोरगं सरळ होतं, खाऊन-पिऊन सुखी घर होतं. साखरबाईला तेव्हा त्यात काही कमी वाटलं नव्हतं. आठ दिवसांनी उत्कर्षा कॉम्प्युटर इंजिनिअरच्या घरी पडली, आणि ते घर लंडनला होतं.

कागदपत्रं व्हायला मार्गशीर्ष उजाडला. उत्कर्षा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी कौसल्या बांधावर आली. डोळे सुजलेले, पण आवाज टणक.

"राती अडीचला इमान सुटलं," ती म्हणाली, "अन सकाळी सातला पोरगी लंडनात. तिकिटावर छापलंच हुतं तसं. मी सातला उठून देवापुढं साखर ठिवली. म्हणलं, पोचली बाई माझी."

"सात म्हंजी सकाळचंच?"

"मग काय रातचं? दुपारी फोन आला. म्हणाली, आई, सातला उतरले."

साखरबाईनं वैरणीचा भारा डोक्यावर घेतला. घरापर्यंत ती बोटं मोडत गेली. अडीच ते साडेतीन, साडेतीन ते साडेचार. पुन्हा पुन्हा मोजलं तरी साडेचार तासच होत होते. समुद्रापलीकडं, जिथं माणसं गोरी, पाऊस बारमाही, तिथं जायला साडेचार तास.  त्या रात्री तिनं आमटीत मीठ दोनदा घातलं आणि दादासो ती तशीच मुकाट जेवला.

संक्रांतीला ती छकुलीकडं वाण घेऊन निघाली. सकाळची पहिली एसटी भरून आली, थांबलीच नाही. दुसरीनं बारामती गाठली तर इंदापूरची गाडी नुकतीच हलली होती. पुढची मिळाली, ती वाटेत पंक्चर झाली. इंदापूरच्या स्टँडवर तिळगुळाची पिशवी मांडीवर घेऊन ती बसून राहिली. लोणीच्या फाट्यावर उतरली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या, आणि वस्तीवर पोचली तेव्हा घरात दिवा लागला होता.

"आये, किती गं उशीर?" छकुली म्हणाली. "मी दुपारपासनं वाटंकडं बघतीया."

साखरबाई ओट्यावर टेकली. तळवे चोळत म्हणाली, "काय सांगू पोरी, कौसल्येची लेक एव्हाना लंडनला जाऊन म्हागारी आली असती."

छकुली हसली. तिची सासू तानूबाईही हसली. गंमत म्हणून ते वाक्य बरं होतं. पण साखरबाईनं ते तिथंच सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी गाईंच्या धारांसाठी परतायची घाई, तेव्हा म्हणाली. पंचमीला छकुलीला यायला जमलं नाही, तेव्हा निरोपात म्हणाली. दिवाळीत छकुली दोनच दिवस राहून निघाली, तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभं राहून म्हणाली. आता छकुली हसत नव्हती. गाडी हलली तेव्हा तिनं मान दुसरीकडं वळवली.

बांधावर कौसल्या तेच साडेचार तास येईल त्याला सांगत होती. भाचीला सांगायची, ऊसतोडीला आलेल्या बायांना सांगायची. "लांब कुठं हाय? इंदापूरला जाऊन येण्याएवढं बी न्हाय." हे वाक्य साखरबाईला काट्यासारखं रुतायचं. इंदापूरचंच नाव घ्यायची काय गरज होती? तालुके काय कमी होते?

छकुलीला त्याआधीच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं, रीतच ती. साखरबाईनं आळीव आणले, डिंक आणला, बाळंतिणीच्या खोलीत शेणानं सारवून घेतलं. सातव्या महिन्यात न्यायचं ठरलं होतं. पण न्यायला जायच्या आदल्या दिवशी कौसल्येनं बांधावरून हाक मारली, "साखरे, छकुलीचा फोन हाय. पळ."

साखरबाई पदराला हात पुसत गेली. कौसल्या जाईना, तिथंच सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली.

"आये," छकुलीचा आवाज फाट्यावरच्या बूथमधून येत होता, मागं ट्रकांचे आवाज. "आत्याबाई गोठ्यात घसरल्या. पाय प्लास्टरमधी हाय. यांची पाळी रातची. त्यांना टाकून कशी यिऊ? फुडच्या म्हैन्यात बघू."

साखरबाईला कौसल्येच्या सुपाचा आवाज थांबलेला कळला. फळीवर उत्कर्षाचा फोटो होता, लाल कोटातला. महिन्याभरात उत्कर्षा यायची होती. घराला चुना दिलेला होता, त्याचा ओला वास येत होता.

"लंडनची पोरगी साडेचार तासात येती," साखरबाई फोनमध्ये म्हणाली, "अन तुला लोणीवरनं येता येत न्हाय? ऱ्हा मग तिकडंच. माझ्या दारात यायचं काम न्हाय."

तिनं फोन ठेवला. तो नीट बसला नाही, कौसल्येनं उठून बसवला.

"पोटुशीला आसं बोलू न्हाय, साखरे."

"तुमचं बरं हाय, वैनी," साखरबाई म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. पुढचे दिवस ती ताक घेऊन गेली नाही. खोलीतल्या सारवणाला भेगा पडल्या. फोन पुन्हा आला नाही, आणि आपण होऊन करावा तर तो कौसल्येच्याच घरी. दादासो एकदा चाचरत म्हणाला, "जाऊन यिऊ का लोणीला?" त्यावर ती म्हणाली, "तिला यायचं आसंल तर ती यील." पण गोठ्यात एकटी असली की तिचा हात थांबायचा. नववा महिना जवळ येत होता.

उत्कर्षा आली ती भाड्याच्या गाडीतून, पहाटे. दुपारी सगळी आळी तिला बघायला गेली. साखरबाईनं जायचं नाही असं ठरवलं होतं; ती सगळ्यात शेवटी गेली. कोपऱ्यात बसून तिनं पोरीला निरखलं. रंग उजळला होता, केस कापले होते. पण घोटे सुजले होते आणि डोळ्यांखाली काळं होतं. हे शेवटचं दिसलं तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

"का गं बाय," ती म्हणाली, "साडेचार तासात एवढी दमलीस?"

"कुठले साडेचार, काकी?"

"तुझी आई सांगती की. अडीच ते सात."

उत्कर्षानं आईकडं पाहिलं. कौसल्या पोह्यांवर खोबरं घालत होती, तिचा हात हवेत राहिला.

"ते तिथलं घड्याळ, आई," उत्कर्षा हळू म्हणाली. "तिथलं घड्याळ साडेपाच तास मागं असतं. मी सातला उतरले तेव्हा इथं साडेबारा झालेले."

कुणाला काही कळलं नाही. उत्कर्षानं फळीवरचं गजराचं घड्याळ उतरवलं, मागची किल्ली फिरवून काटे साडेबारावर आणले आणि घड्याळ उलटं केलं. डोकं खाली, पाय वर. "आता आकडे बघू नका, काटे बघा. किती वाजले?"

साखरबाई पुढं सरकली. आकडे तिला तसेही त्रासच देत. मोठा काटा वर उभा होता, धाकटा साताच्या जरा अलीकडं अडखळला होता.

"सात," ती म्हणाली.

"तेच सात. घड्याळ उलटं केलं की लंडनची वेळ. मी तिकडं रोज करते. उलटं करायचं आणि बघायचं, आई उठली असेल का."

"मग इमानात किती येळ?"

"जाताना दहा तास. येताना वारा मागून असतो, तासभर कमी. पण घड्याळ बघाल तर जाताना साडेचारच दिसतात, आणि येताना साडेचौदा. सकाळी दहाला तिथून निघाले, मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत. पुढं गाडीनं इथं."

"अन लांब किती?"

"सात हजार किलोमीटर."

"तळ किती हुत्याल?"

उत्कर्षा लहानपणी साखरबाईच्या चुलीपुढं बसून तळांच्या गोष्टी ऐकत आली होती. "तीन कोसांचा तळ धरला तर सातशे," ती म्हणाली.

सातशे तळ. पावसाळा कुठंतरी अडकून काढावा लागणार, मेंढरांची वीण मध्ये येणार. दोन वर्षं, अडीच वर्षं. साखरबाईच्या छातीवरून कुणीतरी भारा उतरवल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलायचं, तिला आनंद झाला. वर्षभर जे टोचत होतं ते मोडून हातात आलं होतं. तिनं तो आनंद दाखवायला कौसल्येकडं पाहिलं.

कौसल्या अजून तशीच उभी होती.

"म्हंजी मी साखर ठिवली," ती म्हणाली, "तवा तू आजून वरच हुतीस?"

"असेन कुठल्यातरी डोंगरांवर."

"मी म्हणलं, पोचली. चहा बी पिले."

"तू फोनवर म्हणालीस ना, साडेचारच तास, म्हणजे फार लांब नाही. तुझा आवाज इतका बरा झाला होता. मला तो हिशेब मोडवेना."

कौसल्येनं ताटली खाली ठेवली आणि आत गेली. भांड्यांचा उगाच आवाज येत राहिला. ऊसतोडीच्या बायांना, भाचीला, आल्यागेल्याला ती वर्षभर साडेचार तास का सांगत होती हे साखरबाईला त्या आवाजात कळलं. ती मिरवत नव्हती. मेंढरू हरवलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो ना, हिकडंच आसंल नव्हं, तसं ते होतं. साखरबाईनं मात्र त्यावरून स्वतःच्या लेकीला दाराबाहेर काढलं होतं.

"छकुली कुठंय काकी?" उत्कर्षा विचारत होती. "मला वाटलं बाळंतपणाला आली असेल."

 बाहेर येत कौसल्याच म्हणाली, "सासूचा पाय मोडलाय. जाऊ की आपण. गाडी हाय उद्यापत्तूर."

दुसऱ्या दिवशी तिघी निघाल्या. छकुली आली नाही तर असू दे म्हणून साखरबाईनं एक पिशवी भरून घेतली होती. साखरबाईला पुढं बसवलं. बारामतीचं स्टँड काचेतून मागं गेलं, ती तिथं कितीदा ताटकळली होती. इंदापूर आलं आणि सरलं. साखरबाईला वाटेभर राग येत होता, कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं. जी वाट तिचा सबंध दिवस खायची ती या गाडीपुढं कुत्र्यासारखी शेपूट घालत होती. दुपारच्या जेवणाआधी त्या वस्तीवर पोचल्या.

छकुली दारात भांडी घासत होती. पोट गुडघ्यांना टेकलेलं. उत्कर्षाला बघून ती राखेच्या हातांनीच उठली, दोघी एकमेकींना बिलगल्या आणि हसत राहिल्या. मग छकुलीची नजर आईवर गेली.

"तुझी साडेचार तासांची आली की," ती म्हणाली. "मला कशाला न्यायला आलीस? माझं दार बंद हाय ना?"

आत खाटेवरून तानूबाई म्हणाली, "न्या इहीणबाई, न्या तिला. माझं काय, पडून ऱ्हाईन. पोरीचा जीव तुमच्याकडं लागलाय, मला कळत न्हाय व्हय?"

साखरबाईनं लेकीकडं पाहिलं. पोट खाली उतरलं होतं. पाय फाकून उभी होती. साखरबाईच्या डोळ्यांपुढं तिचा बाप आला. व्यायला टेकलेली मेंढी दिसली की तो काठी आडवी धरून सगळा कळप थांबवायचा. पुढं चारा कितीही चांगला असो. बाप म्हणायचा, विणारीला चालवायचं न्हाय, तळ तिच्यापाशी न्यायचा.

एवढं साधं तिला कळायला हवं होतं. मेंढक्याच्या पोटची ती.

"न्यायला न्हाय आले," ती म्हणाली. "हितंच तळ टाकती."

"लेकीच्या घरी?" तानूबाई उठून बसायला लागली. "लोकं काय म्हणत्याल?"

"नातू-नात झाल्याबिगर आय लेकीच्या घरचं पाणी पित न्हाय म्हणत्याल. मग माझ्या तांब्यातलं पिते. तुमचं प्लास्टर, हिचं पोट, दोन्ही मी बघते. गाईंचं आमचे हे बघत्याल. त्यांना धार काढता येती, कंटाळा करत्यात इतकंच."

 छकुलीनं राखेचा हात धुतला, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. ठेवताना पिशवी उघडून पाहिली. "आळीव आणलंस?" तिनं विचारलं.

"आणलं. डिंक बी हाय."

"मग ठीक हाय."

संध्याकाळी गाडी परत निघाली. साखरबाई पोचवायला रस्त्यापर्यंत गेली. उत्कर्षा आधीच आत बसून डोळे मिटून होती. कौसल्या दार धरून उभी राहिली. वस्तीकडं, दारातल्या छकुलीकडं, दोरीवर वाळत घातलेल्या साखरबाईच्या लुगड्याकडं तिनं एकदा पाहून घेतलं.

"तुझं बरं हाय, साखरे," ती म्हणाली.

बावीस वर्षांत हे वाक्य बांधाच्या त्या बाजूनं पहिल्यांदा आलं होतं. ते गोड लागलं. गाडीचा धुरळा बसेपर्यंत साखरबाई ते चघळत उभी राहिली, आणि मग त्याला तुरट चव यायला लागली तशी घराकडं वळली.

पौषात इंदापूरच्या दवाखान्यात छकुलीला मुलगी झाली. उत्कर्षा तोवर लंडनला परत गेली होती. दवाखान्यासमोरच्या बूथमधून मल्हारनं नंबर फिरवून फोन सासूच्या हातात दिला. साखरबाईकडं एक वाक्य तयार होतं, महिनाभर घोळवलेलं: मी शेजारच्याच खाटंवर हुते, वैनी, हाक मारायच्या आधी उठले. फोन उचलल्याचा आवाज आला आणि ते वाक्य तिनं गिळलं.

"मुलगी झाली, वैनी. दोघी बऱ्या हायत्या."

"कवा?"

"ही आत्ताच. अकराला."

"थांब, उत्कर्षाला कळवते." पलीकडं फोन फळीवर ठेवला गेला. मग टिकटिक जवळ आली, आणि उलटं करताना कुठंतरी हात लागून गजराची घंटी एकदाच किणकिणली.

"न्हाय," कौसल्या परत येऊन म्हणाली. "आजून उजाडायचंय तितं. निजू दे. उठली की सांगते."